पाचशेच्या सात पावत्या

१

"कर्ज माझं आहे, ते मी नाकारत नाही. पण हे सात वेळा पैसे भरलेत ना, ते मी नाही." एवढं बोलून चष्मेवाल्याने त्याचा क्रेडिट रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

पैसे भरले असं खोटं सांगणारे मी हजारो पाहिलेत. भरले नाहीत म्हणून हट्टाला पेटलेला हा पहिलाच. एकतीस वर्षं मी एका फायनान्स कंपनीच्या वसुली खात्यात फोनवर बसले. झोपलेली खाती जिवंत करण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. निवृत्त झाले त्याला आता पाच वर्षं झाली. तेव्हापासून टेबलाच्या या बाजूला बसते. कर्ज थकलेल्या लोकांच्या वतीने कंपन्यांशी घासाघीस करते, रिपोर्टवरची वाईट नोंद पुसून आणते. तोंडावर लोक मॅडम म्हणतात, माझी पाठ वळली की वसुलीबाई. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन खुर्च्या आणि एक फोन, एवढाच माझा संसार. गिऱ्हाईक आलं नाही तर दिवसभर मी कोणाशी बोलत नाही.

"खरं कर्ज आहे, मग भरलं म्हणून वाईट काय झालं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, त्याला माहीत आहे का ते पाहायचं होतं.

"शेवटचा भरणा झाल्यावर सात वर्षांनी नोंद आपोआप जाते. मी हात टेकले त्याला आठ वर्षं झाली. म्हणजे नोंद गेल्या वर्षीच जायला हवी होती. पण दरवर्षी कोणीतरी पाचशे भरतं आणि सात वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. शेवटचे पाचशे पाच महिन्यांपूर्वी भरलेत."

हिशेब चोख होता. त्याचं चष्म्यांचं दुकान भाड्याच्या गाळ्यात होतं आणि मालक तो गाळा विकत होता. पहिला हक्क चष्मेवाल्याचा होता, पण मुदत अकरा दिवसांची. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त ही नोंद पुसलेली हवी होती. आणि तो राहायचाही त्याच दुकानात, चष्म्यांच्या कपाटामागे पडदा लावून.

"दुकान गेलं तर कुठे जाल?"

त्याने खांदे उडवले. पंचेचाळिशीचा माणूस, शर्टाची कॉलर स्वतः उलटून शिवलेली. तेवढ्या कॉलरवरून मला कळलं की याच्या घरी कोणी नाही. माझ्याही घरी नाही, म्हणून असल्या गोष्टी माझ्या लगेच डोळ्यात भरतात.

रिपोर्टवर कंपनीचं नाव वाचलं आणि मी चष्मा काढून पुसला. माझीच जुनी कंपनी होती.

२

शाखेचा साहेब आता चिकट्या होता. हा कधीकाळी माझ्या हाताखाली होता. कर्जदाराच्या दारात बसला की उठायचा नाही, म्हणून त्याचं हे नाव पडलं. मी गेले तशी त्याने उठून खुर्ची दिली.

"घासाघीस करायला आलात ना बाई? अर्धे घेतो. पण रिपोर्टवर 'तडजोड' म्हणून शेरा राहणार."

"तो शेरा असला तर बँक त्याला उंबऱ्यातही उभं करणार नाही. पैसे घे आणि नोंद पूस. तसं पत्र दे."

"जिवंत खातं आहे. मी कशाला पुसू? पाच महिन्यांपूर्वी भरणा झालाय."

"कोणी केला?"

"कर्जदाराने. दुसरं कोण भरणार?"

इथे मला पाणी मुरताना दिसलं. वसुलीतली जुनी खोड आहे ही. महिनाअखेर आली आणि आकडा कमी पडला, की वसुलीवाला स्वतःच्या खिशातून थोडे भरून मेलेलं खातं जिवंत दाखवतो. आणि रक्कम दर वेळी बरोब्बर पाचशे. पाचशेच्या खाली भरलं तर कंपनीचा संगणक ती किरकोळ जमा धरतो, खात्याची तारीख बदलत नाही. पाचशे भरले की खातं चालू आणि दारावरची माणसं वर्षभर बंद. हे कुठल्याही कागदावर छापलेलं नाही, फक्त वसुलीवाल्यांना ठाऊक असतं.

"चिकट्या, तू भरलेस?"

तो हसला. "ते धंदे तुम्हीच शिकवलेत बाई. पण आता हिशेब उलटा आहे. माझा बोनस बंद झालेल्या खात्यांवर ठरतो. जिवंत खातं म्हणजे माझ्या गळ्यात धोंड."

त्याने मला भिंतीवरचा बोनसचा तक्ता दाखवला. ते खरं होतं. मग त्याने रेकॉर्डमधून सात भरणा स्लिपा मागवल्या. सगळ्या हाताने भरलेल्या होत्या, सगळा भरणा रोख, खिडकीवर येऊन केलेला. हजाराच्या आतल्या भरण्याला नाव विचारत नाहीत, त्यामुळे खाली नुसती वेडीवाकडी रेघ होती. मी झेरॉक्स मागितल्या. त्याने कुरकुर न करता दिल्या.

निघताना तो म्हणाला, "आतलं कोणी नाही बाई. पण ज्याने भरले त्याला आतलंच कोणीतरी शिकवलंय."

३

आता बाहेरचा शत्रू शोधायचा. तो सापडायला वेळ लागला नाही. चष्मेवाल्याच्या शेजारीच बसला होता, कुलपांच्या दुकानात.

"हो, मला गाळा हवाय," कुलूपवाला किल्ली घासत म्हणाला. "मालकाला मी सांगून ठेवलंय, याचं जमलं नाही तर मी घेतो. त्यात लपवायचं काय?"

"त्याचं जमू नये म्हणून काय काय केलंत?"

त्याने मशीन बंद केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, हा माणूस रविवारीसुद्धा दुकान उघडतो. गिऱ्हाईक नसतं. काचा पुसत बसतो. मी कधी हाक मारली तर दहा मिनिटं उभा राहतो आणि निघतो. असल्याचं वाईट करून मला झोप येईल का?"

बोलणं गोड होतं, पण गोड बोलण्यावर माझा विश्वास नाही. मी त्याच्या भिंतीवरचा दुकानाचा परवाना पाहिला. तीन वर्षांपूर्वीचा होता. पहिली स्लिप साडेसहा वर्षांपूर्वीची होती. तेव्हा याचं दुकान इथे नव्हतंच.

मग थोरल्या भावाला फोन केला. कर्जाला तो जामीन होता. जामीनदार स्वतःची मान सोडवायला थोडं थोडं भरत राहतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

"मी एक छदाम भरला नाही," तो फोनवर ताडकन म्हणाला. "त्याचे हप्ते थकल्यावर सातव्याच महिन्यात वकील लावून जामिनकी काढून घेतली. कागद आहे, पाठवू? बाबा गेले ते या वसुलीवाल्यांच्या धसक्याने. घरी येऊन बसायचे ते लोक. आणि हा? सात वर्षं झाली, आईला तोंड दाखवलेलं नाही."

कागद खरंच आला. तारीख पहिल्या स्लिपच्या आधीची होती. त्याला भरायचं काही कारण उरलं नव्हतं.

पाच दिवस गेले होते. तिन्ही संशयित हातातून सुटले होते आणि माझ्याकडे सात झेरॉक्सशिवाय काही नव्हतं.

४

सहाव्या दिवशी मी त्या झेरॉक्स घेऊन चष्मेवाल्याकडे गेले. खरं सांगायचं तर धीर द्यायला गेले होते, म्हणजे नोंद पुसली जाणं कठीण आहे हे सांगायला. दुपारची वेळ होती आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं, दोनदा.

"अक्षर ओळखता येतंय का बघा."

"आकडेच तर आहेत." त्याने स्लिपा तारखेप्रमाणे काउंटरवर मांडल्या. मग भिंग घेतलं. त्याचा चेहरा बदलला. इतके दिवस माझ्यासमोर कर्जदार बसत होता, आता त्याच्या जागी धंद्यातला माणूस आला.

"याला कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"ज्याने हे लिहिलंय त्याला. बघा, पहिल्या दोन स्लिपा सरळ आहेत. तिसरीपासून ओळ खाली उतरायला लागते. खाते क्रमांकाला बारा चौकोन आहेत. सहाव्या आणि सातव्या स्लिपेवर शेवटचे दोन चौकोन याने रिकामे सोडलेत, ते दुसऱ्या शाईने भरलेत, बहुतेक खिडकीवरच्या कारकुनाने. म्हणजे उजव्या कडेचे चौकोन याला दिसतच नाहीत. डोळ्यातला दाब वाढला की कडा आधी जातात, माणसाला पत्ताही लागत नाही. वय सत्तरच्या पुढे असणार. एकटं राहणारं माणूस आहे. घरात दुसरं कोणी असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. खाते क्रमांक दर वेळी बरोबर होता, म्हणजे त्या माणसाकडे कंपनीची नोटीस येत होती.

"कर्जाच्या कागदावर पत्ता कुठला दिला होता तुम्ही?"

"घरचा. आईचा..." तो म्हणाला आणि भिंग त्याच्या हातात तसंच राहिलं.

बाहेरून कुलूपवाल्याचं मशीन ऐकू येत होतं. चष्मेवाल्याने सातवी स्लिप उचलली, डोळ्यांजवळ नेली, परत खाली ठेवली.

"ती कशाला भरेल? तिने मला दारातून परत पाठवलं होतं. दार अर्धं उघडून म्हणाली, जा, पुन्हा इथे येऊ नकोस. मी तिचा शब्द पाळला."

"माझ्याबरोबर चला."

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही जा."

५

दोन खोल्यांचं घर होतं. म्हातारीने दार उघडलं आणि मान जरा उजवीकडे वळवून मला पाहिलं, तेव्हाच माझी खात्री झाली. मी स्वतःची ओळख सांगायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"थांबा. तुमचा आवाज मी ओळखते."

"आपण कधी भेटलो नाही, मावशी."

"भेटलो नाही, पण बोललोय. फोनवर." ती खुश झाली, अगदी मनापासून. "बसा ना. कंपनीतल्या बाई तुम्ही. बाकी सगळे खेकसायचे, तुम्ही एकट्या नीट बोललात. मी विचारलं, काय केलं म्हणजे माझ्या पोराच्या मागे माणसं लागणार नाहीत? तुम्ही म्हणालात, वर्षाला पाचशे भरत जा. पाचशेच्या खाली नको. खातं जिवंत राहील आणि दारात कोणी येणार नाही. मी लिहून ठेवलं. एक वर्षही चुकवलं नाही."

मला तो फोन आठवत नव्हता. दिवसाला चाळीस फोन करायचे मी, आणि आमच्याकडे माणसांना नाव नसायचं, बारा आकडे असायचे. पण वाक्य माझंच होतं. शब्दन् शब्द माझा. कर्जदाराव्यतिरिक्त कोणाला भरायला सांगायचं नाही असा कंपनीचा नियम होता, आणि मी तो रोज मोडायचे, कारण महिनाअखेरीला जिवंत खात्यांच्या तक्त्यावर माझं नाव सगळ्यात वर लागायचं.

चिकट्या म्हणाला होता, आतल्या कोणीतरी शिकवलंय. सहा दिवस मी त्या माणसाला गावभर शोधत होते.

"त्याला दारातून परत का पाठवलंत?" मी कसंबसं विचारलं.

"आत वसुलीचा माणूस बसला होता ना. सकाळपासून. हा आत आला असता तर धरला असता त्याला. मी हळूच म्हटलं, जा." तिने पदराने नव्हे, हातानेच डोळे पुसले. "नंतर येईल वाटलं होतं. आलाच नाही. मग मी म्हटलं, निदान पैसे तरी भरू. पावतीवर त्याचं नाव छापून येतं. तेवढंच हातात येतं माझ्या."

तिला खरं सांगणं भाग होतं. मी सांगितलं. पाचशे भरल्यामुळेच नोंद जिवंत राहिली, त्यामुळेच बँक त्याला कर्ज देत नाही, आणि पाच दिवसांनी त्याचं दुकान जाईल.

"म्हणजे मीच त्याचं वाटोळं केलं," ती म्हणाली.

"तुम्ही नाही, मावशी. मी केलं."

६

पण त्यातच वाट होती, आणि ती वाट शोधण्यासाठीच तर लोक मला पैसे देतात. भरणा कर्जदाराने केलेला नाही. त्याला तो माहीतही नव्हता. आणि तो कंपनीच्या अधिकाऱ्याने नियम मोडून तिसऱ्याच माणसाकडून करवून घेतला होता. असला भरणा कर्जदाराचा धरता येत नाही. तो वगळला तर शेवटचा भरणा आठ वर्षांपूर्वीचा होतो, आणि मुदत उलटलेली नोंद कंपनीला पुसावीच लागते. त्यासाठी दोन जबाब लागणार होते. एक भरणाऱ्या बाईचा आणि दुसरा शिकवणाऱ्या बाईचा.

चिकट्याने दोन्ही वाचले. माझा दोनदा वाचला.

"बाई, म्हातारीचा बास झाला. तुमचा कशाला?"

"तिच्या एकटीच्या शब्दावर वरचे लोक विश्वास ठेवतील?"

"नाही ठेवणार," त्याने कबूल केलं. "पण हे फाइलला लागलं की सगळ्या कंपन्यांना कळेल. उद्यापासून तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. खाणार काय?"

"पेन्शन आहे."

"आणि दिवसभर करणार काय?"

मी सही केली.

दहाव्या दिवशी नोंद गेली. अकराव्या दिवशी दुपारी बँकेने कर्ज मंजूर केलं आणि गाळा चष्मेवाल्याचा झाला. कुलूपवाल्याने त्याला नवीन कुलूप फुकट बसवून दिलं, असं ऐकलं. आईच्या घरी तो कर्ज मंजूर व्हायच्या आदल्याच दिवशी गेला होता. काय बोलले ते मला माहीत नाही आणि विचारायचा मला हक्कही नव्हता.

आठवड्याने तो माझी फी घेऊन आला. पाकीट टेबलावर ठेवलं, मी ते परत सरकवलं. त्याने पुन्हा ठेवलं नाही.

"आईच्या एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच," तो म्हणाला. "दुसरा वाचेल. दोन वर्षं आधी कोणी पाहिलं असतं तर दोन्ही वाचले असते."

मी मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तो ओरडणाऱ्यातला नव्हता. दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"मॅडम, हे आईला सांगितलंत. आणखी किती जणांना सांगितलंत?"

तो उत्तरासाठी थांबला नाही. जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली, मग झेरॉक्सच्या मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर तीन दिवस माझा फोन वाजला नाही. चिकट्या म्हणाला होता तसंच झालं. चौथ्या दिवशी सकाळी मी घरी माळ्यावर चढले आणि नोकरीतल्या डायऱ्या खाली काढल्या. रोजच्या फोनची नोंद मी त्यात ठेवायचे. जिथे जिथे कर्जदाराऐवजी आई, बाप, बायको, बहीण कोणी फोन उचलला आणि भरायला कबूल झालं, तिथे मी हिरवी खूण करायचे. पहिल्याच पानावर हिरव्या खुणा नऊ होत्या.

मी खोलीवर जाऊन खुर्चीत बसले आणि पहिला नंबर फिरवला. तो बंद होता. दुसरा कोणी उचलला नाही. तिसऱ्या नंबरवर बरीच रिंग गेली आणि एका म्हाताऱ्या माणसाने फोन घेतला.

"मी फायनान्स कंपनीतून बोलायचे, बऱ्याच वर्षांपूर्वी," मी म्हटलं. "तुमच्या मुलीच्या कर्जाचं. तुम्ही अजून पाचशे भरताय का?"

"तुम्ही होय बाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मला रिसीव्हर घट्ट धरावा लागला. "भरतोय ना. न चुकता. ह्या वर्षीचे कालच भरून आलो."